एक्स्टेंडेड वॉरंटी सरसकट लूट नाही

नवी गाडी घेणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचं सार असं: एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे मूळ वॉरंटीनंतरच्या वर्षांसाठी वेगळे पैसे मोजून घेतलेली वाढीव वॉरंटी, ही शोरूमची लूट आहे. आजकालच्या गाड्या पाच-सात वर्षं बिघडत नाहीत, आणि बिघडलीच तर फुल इन्शुरन्स आहे. बाहेर सर्व्हिस केली तरी कायद्याने वॉरंटी जात नाही. घ्यायचीच असेल तर मूळ वॉरंटी संपायच्या आदल्या दिवशी घ्या, आणि सगळ्या सारख्याच असल्याने सगळ्यात स्वस्त घ्या. यातल्या एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत. पण सगळं खरं मानून चाललात, तर गिअरबॉक्सचं बिल स्वतःच्या खिशातून भरायची वेळ येऊ शकते.

‘इन्शुरन्स आहे की!’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. मोटार विम्याच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की झीज, घसारा आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड यांचे पैसे मिळणार नाहीत. विमा अपघात, चोरी, आग, पूर अशा बाहेरून आलेल्या नुकसानीसाठी असतो. वॉरंटी गाडीच्या आतून आलेल्या दोषासाठी असते. झिरो डेप घेतलं तरी यात काही बदलत नाही. अपघातानंतर प्लास्टिक-रबरच्या भागांवर जो ५० टक्के घसारा कापला जातो, तो झिरो डेपमुळे वाचतो, एवढंच.

दोन्हींच्या मधल्या फटीत गाडी कशी अडकते ते बघा. खडबडीत रस्त्यावर दगड लागून ऑइल चेंबर फुटला. मीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला, तरी ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून गाडी चार-पाच किलोमीटर चालवली आणि इंजिन सीझ झालं. चेंबरचे पैसे विमा देतो, कारण तो आघात होता. सीझ झालेलं इंजिन हे त्यातून पुढे झालेलं नुकसान. साध्या पॉलिसीत ते बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं अॅड-ऑन लागतं, आणि दिवा दिसत असूनही गाडी चालवली म्हणून त्यातही वाद होऊ शकतो. वॉरंटी तर देणारच नाही, कारण इंजिनमध्ये मुळात दोष नव्हता. पावसाच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून सुरू करायला जाणाऱ्यांचंही असंच होतं. याउलट इंजेक्टर गेला, एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला, पॉवर स्टिअरिंगची मोटर बंद पडली, तर विमा कंपनीकडे जाऊन उपयोग नाही. तिथे फक्त वॉरंटी कामाची. उंदरांनी वायरिंग कुरतडलं तर मात्र वॉरंटीचं दार बंद, विम्याकडे क्लेम लावून बघायचा.

‘आजकालच्या गाड्या बिघडत नाहीत’

इंजिनचा ब्लॉक, पिस्टन, क्रँक यांच्यापुरतं हे बरंचसं खरं आहे. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालणारी, टर्बो नसलेली, मॅन्युअल गिअरची साधी पेट्रोल गाडी असेल, तर वाढीव वॉरंटी न घेण्याचा निर्णय अजिबात चुकीचा नाही. त्यातून मूळ वॉरंटीच आता लांबली आहे. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये ती २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरवर नेली. त्यामुळे जुन्या अनुभवावर बेतलेले सल्ले आज तसेच्या तसे लागू होत नाहीत. तेव्हा प्रश्न तिसऱ्या वर्षाचा होता, आज चौथ्या ते सहाव्याचा आहे.

खर्च निघतो तो इंजिनच्या आसपासच्या भागांत. टर्बो, डिझेलचा हाय-प्रेशर पंप, ईसीयू (इंजिनचं नियंत्रण करणारा संगणक), मोठी टचस्क्रीन, एएमटीचा (क्लच आणि गिअर आपोआप टाकणाऱ्या गिअरबॉक्सचा) अॅक्च्युएटर आणि ड्युअल-क्लच गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट ही त्यातली ठळक नावं. एसीची कूलिंग कॉइल तर आवर्जून तपासायची गोष्ट आहे. ओलावा आणि धूळ साचून ती गंजते, बारीक छिद्रं पडतात, गॅस हळूहळू निघून जातो. बऱ्याच गाड्यांत ती बदलायला अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो, म्हणजे पार्टबरोबर मजुरीही मोठी. म्हणून विचारायचं ते नेमकं: कॉइल कव्हर आहे का, मजुरी धरली आहे का, गॅस भरण्याचे पैसे कोण देणार?

जे कुठल्याच प्लॅनमध्ये सहसा येत नाही तेही माहीत हवं: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, ऑइल, बल्ब, काच, रंग, सीट कव्हर. टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी यांची वॉरंटी त्यांचे उत्पादक वेगळी देतात. सस्पेन्शनचे बुश आणि शॉक अॅब्सॉर्बर कुठे आहेत, कुठे नाहीत. एएमटी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की अॅक्च्युएटर कव्हर असला तरी क्लच झिजला तर तो खर्च आपलाच.

वर्षं मोजण्याआधी किलोमीटर मोजा

फॉरवर्डमध्ये याचा उल्लेखच नाही, आणि पैसे खरे वाया जातात ते इथे. ‘६ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर’ याचा अर्थ जे आधी होईल ते. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणारी गाडी १,६०,००० चा आकडा साधारण ५३ महिन्यांत, म्हणजे ४ वर्षं ५ महिन्यांत गाठते. अशा माणसाने सहाव्या वर्षाचे पैसे भरणं म्हणजे संपलेल्या वॉरंटीचे पैसे भरणं. त्याने पाचव्या वर्षापर्यंतचा प्लॅन घ्यावा, किंवा किलोमीटरची मर्यादा नसलेला शोधावा. महिन्याला ७०० किलोमीटर चालवणाऱ्याची सहा वर्षांत जेमतेम ५०,४०० होतात. त्याला अमर्याद किलोमीटरसाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही, त्याने वर्षं विकत घ्यावीत. पिवळ्या नंबर प्लेटची गाडी असेल तर आधी व्यावसायिक वापर चालतो का ते विचारा. अनेक प्लॅन फक्त खासगी गाड्यांसाठी असतात.

‘बाहेर सर्व्हिस केली तरी वॉरंटी जात नाही’

याला आधार आहे, पण तो वाटतो तेवढा भक्कम नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्याच आदेशात असंही म्हटलं की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे प्रकरण अपिलात आणि न्यायालयांत गेलं. काउंटरवर उभं राहून हा आदेश दाखवला की सर्व्हिस अॅडव्हायझर क्लेम मंजूर करेल, अशी आशा धरू नका. शिवाय एक्स्टेंडेड वॉरंटी हा वेगळे पैसे मोजून केलेला करार आहे, आणि ठरल्या वेळी अधिकृत केंद्रात सर्व्हिस करण्याची अट त्यात सहसा असतेच. १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष अशी पाळी असेल, तर कमी फिरणाऱ्यांची गाडी वर्षावर अडकते: ‘अजून चारच हजार झालेत’ म्हणून सर्व्हिस टाळली जाते, आणि पुढे क्लेम करताना तीच चुकलेली सर्व्हिस पुढे केली जाते. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, वायर कापून लावलेले दिवे किंवा स्टिरिओ यांनीही इंजिनचा किंवा इलेक्ट्रिकल भागांचा क्लेम अडतो.

‘आदल्या दिवशी घ्या’

बुकिंगच्याच दिवशी घ्यायची सक्ती नाही हे बरोबर. ऑन-रोड कोटेशनमध्ये ती आधीच जोडलेली असेल तर काढून मागा. पण बहुतेक ठिकाणी दर गाडीच्या वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढतात. आणि शेवटचा दिवस कॅलेंडरवरच येईल असं नाही. जास्त फिरणाऱ्यांची मूळ वॉरंटी किलोमीटरवर आधीच संपते, आणि मग प्लॅन मिळतच नाही किंवा गाडीची तपासणी करून जास्त दराने मिळतो. दराचे टप्पे लेखी मागा, किंमत १८ टक्के जीएसटी धरून आहे का ते विचारा, आणि भाव चढायच्या आत निर्णय घ्या.

‘सगळ्या सारख्याच’

कंपनीची वॉरंटी आणि डीलरने विकलेला तिसऱ्याच संस्थेचा प्लॅन दिसायला एकसारखे असतात. दुसऱ्या प्रकारात एका क्लेमची कमाल रक्कम, पार्टवर कापला जाणारा घसारा, ठरावीक केंद्रांचीच सोय अशा अटी येऊ शकतात. पैसे भरल्यावर कंपनीच्या अॅपवर किंवा कस्टमर केअरला चॅसिस नंबर देऊन प्लॅनची नोंद झाली आहे का, सुरुवातीची आणि शेवटची तारीख काय, हे तपासा. शोरूमची पावती म्हणजे वॉरंटीचं प्रमाणपत्र नव्हे. गाडी विकणार असाल तर प्लॅन नव्या मालकाच्या नावावर कसा आणि किती दिवसांत होतो तेही त्याच वेळी विचारा.

वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी गाडी नेऊन सगळ्या तक्रारी जॉब कार्डवर लिहून घ्या, तुमच्या शब्दांत: ‘सकाळी थंड असताना पहिल्याचा दुसरा पडताना झटका बसतो, मीटरवर गिअरचा दिवा येऊन जातो’. ‘जनरल चेकअप’ एवढ्यावर सही करू नका. दिवा लागलेला असताना किलोमीटरच्या आकड्यासह व्हिडिओ काढून ठेवा. क्लेम नाकारला तर कारण आणि लागू केलेलं कलम ईमेलवर मागा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि तुम्ही ५ लाखांपर्यंत पैसे मोजलेल्या प्रकरणांना शुल्क लागत नाही.