नुसतं 'जमेल तेवढं चाला' पुरत नाही

अँजिओप्लास्टीनंतर (हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी फुग्याने रुंद केल्यावर) घ्यायच्या काळजीवरचा एक लेख वाचला. त्यात व्यायामाचं 'जमेल तेवढं चाला', असं एका ओळीत उरकलंय, ते खटकलं. व्यायामाने रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू जास्त तयार होतो, त्याने वाहिनी सैलावते. जर्मनीतल्या लाइपझिगच्या डॉक्टरांनी २००० साली हृदयरुग्णांमध्ये ४ आठवड्यांतच हा फरक मोजून दाखवला. पण ते रुग्ण देखरेखीखाली रोज घाम गाळत होते, रमतगमत फिरत नव्हते.

माझे बाबा कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जायचे, गप्पा मारायचे आणि 'झालं चालणं' म्हणत परत यायचे. शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, 'काका, चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवा.' बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारं औषध) चालू असताना नाडी फारशी वाढत नाही, तिच्यावरून मेहनतीचा अंदाज येत नाही, त्यामुळे ही खूण फार उपयोगी. छातीत दाटलं की लगेच थांबायचं, हेही लेखात लिहायलाच हवं होतं.