खुलासा : कलशाभोवतीचे चेहरे भुताचे नाहीत

विलोचं झाड आणि खाली अस्थिकलश, असं जुनं फ्रेंच छापचित्र सध्या फिरतंय. ‘राजपुत्र तुरुंगात मेला आणि चित्रात घराण्याचे चेहरे आपोआप उमटले,’ असं सोबत लिहिलंय. हे खोटं आहे. चेहरे चित्रकारानेच कोरलेत. कलशाच्या कडांलगतची मोकळी जागा नीट पाहा: एकीकडे फ्रान्सचा राजा सोळावा लुई याचं नाक-हनुवटी, दुसरीकडे त्याची राणी मारी आंत्वानेत, मुलं फांद्यांत. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३मध्ये, राजा-राणी दोघांना गिलोटिनवर (शिरच्छेदाच्या यंत्रावर) चढवल्यानंतर उघड शोक करणं जिवावर बेतणारं होतं, म्हणून ही युक्ती. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा, मेसेजमधला राजपुत्र लुई-शार्ल, ८ जून १७९५ला कैदेत वारला. त्याची बहीण मात्र १८५१पर्यंत जगली, आणि तिचाही चेहरा त्यात आहे! एका लेकराच्या हालांना भुताटकीची फोडणी नको. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.