मावशींना वाघ दिसेना

"काका, जरा सरकता का? मावशीला वाघ दिसत नाहीये." मावशी नाशिकला व्हिडिओ कॉलवर, वाघ ताडोबाचा, आणि मी दोघांच्या मधे. पुरस्कारविजेत्या वन्यजीव फोटोंच्या प्रदर्शनात, तिकीट काढून! सरकलो. तर मावशींना ट्यूबलाइट दिसायला लागली, कारण आयोजकांनी काचेच्या फ्रेमसमोर बरोब्बर दिवा लावलाय. मग भाचा फोन तिरका करतोय, उकिडवा बसतोय, मावशी स्पीकरवर ओरडतायत, "अरे तुझंच नाक दिसतंय!" शेवटी दिसला एकदाचा वाघ. मावशी काय म्हणाल्या? "हा होय. हा आलाय व्हॉट्सअ‍ॅपवर." आणि मग तिथेच उभं राहून गॅस आला का, साखरपुड्याला कोण कोण येणार, हॉलचं भाडं किती, सगळं. फोटोला पाठ करून!

आणि काका कोणाला म्हणतो रे? चाळिशीच झालीय माझी.

पलीकडच्या भिंतीवर आंबोली टोड नावाच्या बेडकाचा फोटो होता. पहिल्या पावसात कातळावरच्या डबक्यात बसलेला, अंगावर पिवळे-काळे पट्टे. जगात फक्त आपल्या आंबोलीच्या आसपास सापडतो, नामशेष व्हायच्या बेतात आहे, २००९ मध्ये कुठे त्याला शास्त्रीय नाव मिळालं. त्याच्यासमोर चिटपाखरू नाही. खाली पाटी काय? "बेडूक. एफ ८, आयएसओ ४००." कॅमेऱ्याचा अख्खा बायोडेटा आणि प्राण्याला आडनाव पण नाही! वाघाखाली मात्र इंग्रजीत दोन ओळींची कविता. ती पाटीसुद्धा गुडघ्याच्या उंचीवर.

त्यात एसी हॉलमध्ये जंगली छापाचं जॅकेट घालून फिरणारे. प्रत्येक फोटोपुढे एकच प्रश्न, "सहाशे एमएमची लेन्स असणार, नाही?" अरे, त्या रशियन फोटोग्राफर सर्गेई गोर्शकोव्हने रशियातल्या जंगलात झाडाला कॅमेरा बांधून ११ महिन्यांहून जास्त वाट बघितली, तेव्हा कुठे ती झाडाला मिठी मारणारी वाघीण मिळाली आणि लंडनचा २०२० चा 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' पुरस्कार. आमचे लोक सफारीत वाघ दिसला की गाईडच्या मागे लागतात, "घ्या ना अजून पुढे!" उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ ला वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी घेरलं, हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आणि हीच मंडळी इथे "निसर्ग वाचवा"च्या फलकापुढे सेल्फी काढतात. वर एकजण मला ऐकवतो, हल्ली सगळं एआयच असतं. एआय कशाला पाहिजे? त्याच लंडनच्या स्पर्धेत २०१७ साली बक्षीस घेतलेल्या एका फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला निघाला होता, बक्षीस काढून घेतलं.

हे सगळं मी बायकोला तावातावाने सांगत होतो. ती म्हणाली, "तू फोटो बघायला आलास की माणसं?" आता खरं सांगायचं तर मावशींच्या घरचा साखरपुडा मला तारखेसकट पाठ आहे, आणि त्या वाघाला कान किती होते विचाराल तर अंदाजाने दोन.

तरी निघताना अभिप्रायाच्या वहीत पानभर लिहिलंच. दिवे, पाट्या, बेडूक, सगळं. मागून एक आजोबा आले, माझं पान न वाचता उलटलं आणि लिहिलं, "वाघ आवडला. पार्किंगची सोय नाही."

पार्किंगचं मात्र खरंय हो! बाहेर आलो तर स्कूटर टोइंगवाल्यांनी नेलेली.