व्हेंटिलेटर राहतो, सिस्टर बदलून जाते

ठाण्यात असो की नवी मुंबईत, ‘काचेत ठेवलेल्या’ बाळांचा विषय निघाला की चर्चा खाटांपासून सुरू होते आणि व्हेंटिलेटरवर येऊन थांबते. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं दगावली. तेव्हापासून फायर ऑडिटही चर्चेत आलं, ते हवंच. पण ही सगळी चर्चा ब्रिटनमधून वाचताना वाटतं की पहाटे तीनला सीपॅपच्या, म्हणजे बाळाच्या नाकातून सतत दाबानं हवा देणाऱ्या साधनाच्या, बाटलीतले बुडबुडे थांबले तर ते कोणाच्या लक्षात येणार, हे कोणीच विचारत नाही.

बबल सीपॅप स्वस्त आणि साधं आहे, म्हणूनच ते पूर्णपणे सिस्टरच्या नजरेवर चालतं. सुरुवात साधारण ५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबानं (नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात जितकं खोल, तितका दाब), प्रवाह मिनिटाला ५ ते ७ लिटर, हवा ३७ अंशांना गरम आणि दमट. बुडबुडे थांबले म्हणजे हवा कुठेतरी गळतेय : प्रॉंग (नाकपुड्यांत बसवायची छोटी नळी) निसटली, बाळानं तोंड उघडलं किंवा हवा दमट करणाऱ्या ह्युमिडिफायरचा जोड सुटला. उलटंही होतं. नळीत साठलेलं पाणी बाटलीत उतरलं की पातळी चढते, तिच्याबरोबर दाबही चढतो, आणि बुडबुडे मात्र छान दिसत राहतात. प्रॉंग लहान असेल तर गळती, मोठी असेल तर नाकपुडी पांढरी पडते. नाकाच्या पडद्यापासून ती दोनेक मिलिमीटर लांब हवी, नाहीतर तिथली कातडी सोलवटते. पोटात हवा भरते, म्हणून तोंडातून पोटात घातलेल्या नळीचं बाहेरचं टोक उघडं ठेवायचं. ते बंद राहिलं तर पोट फुगतं, धाप वाढते आणि कोणीतरी ऑक्सिजन वाढवून मोकळं होतं. ऑक्सिजनवरच्या कमी दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवायचं असतं. मॉनिटरवरचा १०० चा आकडा नातेवाइकांना सुखावतो, पण डोळ्यांच्या पडद्याला महाग पडतो.

हे शिकवण्याची सोय आपल्याकडे नाही असं नाही. २००९ पासूनच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात दोन दिवसांत पहिल्या मिनिटाचं काम शिकवतात : पुसणं, ऊब देणं, श्वास नसेल तर साठ सेकंदांच्या आत बॅग-मास्क (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी आणि मास्क) सुरू करणं. विशेष नवजात कक्षासाठी चार दिवसांचं प्रशिक्षण आणि वर दोन आठवडे मोठ्या कक्षात निरीक्षण, अशी रचना आहे. कागदावर ती चांगली आहे. मात्र सरकारी आणि पालिका रुग्णालयांत वॉर्ड बदलण्याची पद्धत आहे, आणि हात जरा बसला की तीच सिस्टर सर्जिकल वॉर्डात किंवा ओपीडीत जाते.

ब्रिटनमध्ये नोंदणीनंतर नवजात शुश्रूषेची वेगळी पात्रता असते. कक्षातल्या ७० टक्के नोंदणीकृत परिचारिकांकडे ती असावी असा मापदंड आहे. अतिदक्षतेत एका बाळामागे एक परिचारिका, त्याखालच्या पायरीला दोघांमागे एक, साध्या देखरेखीत चौघांमागे एक. हे प्रमाण इथेही रोज पाळलं जात नाही, आणि रिकाम्या जागा भारतातून आलेल्या परिचारिकांनी भरतात. तेव्हा इथून उपदेश करणं जरा अवघडच.

बदल्यांच्या बाजूनंही मुद्दा आहे : सगळ्यांना सगळं यावं, रजेच्या वेळी अडू नये. पण ज्या हाताला बॅग-मास्कचा सराव नाही, त्याचं कौशल्य काही महिन्यांत उतरतं. एकास एकचं प्रमाण ठाण्याला उद्या परवडणार नाही, हे मान्य. प्रशिक्षित सिस्टरला तीन वर्षं नवजात कक्षातून न हलवण्याचा आदेश मात्र एका सहीनं निघतो. त्याला जोड म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटं : बॅगेचं तोंड तळव्यानं बंद करून दाबायचं, जादा दाब सोडणारी झडप उघडते का पाहायचं, ० आणि १ नंबरचे मास्क हाताशी आहेत का पाहायचं, सीपॅपच्या बाटलीतली पातळी मोजायची.

शहापूर-मुरबाडहून बाळ पाठवणाऱ्या सिस्टरलाही यात धरायला हवं. श्वासाचा वेग, कण्हणं, बरगड्यांखालची ओढ आणि अंगाचं तापमान वेळेसह लिहिलेली चिठ्ठी बाळासोबत आली, तर ठाण्यातल्या सिस्टरला आपल्यासमोरचं बाळ सुधारतंय की खालावतंय हे पहिल्या नोंदीतच कळतं.