पाण्यानं वळायचं कशासाठी?

सासरे पहिल्यांदा अमेरिकेत आले ते जानेवारीत, कारण त्यांना बर्फ बघायचा होता. बॉस्टनजवळच्या आमच्या घराबाहेर तो भरपूर होता, पण पाहुण्यांच्या खोलीतही पडायचा तेवढा बाकी होता. तिथला पारा ५५ फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्याकडच्या १३ वर अडकलेला. अण्णा कानटोपी, स्वेटर, मफलर आणि वर सासूबाईंची शाल अशा थाटात पलंगावर बसून "छान हवा आहे, जावईबापू" म्हणायचे. जावयाच्या घरी तक्रार करायची नाही, हे त्यांचं व्रत. त्यांच्या लेकीनं मात्र असलं कुठलंही व्रत घेतलेलं नव्हतं.

आमचं घर १९५० च्या दशकातलं. बेसमेंटमधला बॉयलर पाणी ८० सेल्सिअसच्या आसपास तापवतो, पंप ते ढकलतो आणि भिंतींच्या पायथ्याशी, पत्र्याच्या झाकणाआडच्या पाइपांतून फिरून ते घर ऊबदार ठेवतं. बाथरूम तर इतकं ऊबदार की टॉवेल वाळत घातला की पापडासारखा कडकडीत. शेजारच्याच खोलीत अण्णा कुडकुडताहेत.

पहिला हीटिंगवाला आला. खोली गार म्हणजे पाइपात हवा अडकली, हे त्याचं दारातूनच ठरलेलं निदान. त्यानं इवल्याशा चावीनं स्क्रू ढिला केला. हवा काही निघाली नाही, कपभर पाणी तेवढं गालिच्यावर सांडलं. दुसऱ्यानं पंप म्हातारा झाल्याचं जाहीर केलं आणि नवा बसवला. बाथरूम आणखी तापलं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी थर्मोस्टॅट वाढवायला सांगितलं, कुणी बॉयलरच बदला म्हणालं, एका काकांनी खोली कुठल्या दिशेला आहे ते विचारलं.

शेवटी अण्णा कानटोपीसकट बेसमेंटमध्ये उतरले. उभी हयात नीरा डाव्या कालव्यावर नोकरीत गेलेली. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी का पोचत नाही, या प्रश्नावर त्यांनी शिव्या खाल्ल्या होत्या आणि उत्तरंही काढली होती. बॉयलरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. छताखालून घरभर फिरणाऱ्या सव्वा इंची मेन पाइपला उलटा हात लावला. चटका बसला. मग पाहुण्यांच्या खोलीकडे चढणाऱ्या अर्ध्या इंची फाट्याला. हातभर अंतरावर तो थंडगार.

"हेडला पाणी फुल्ल आहे," अण्णा म्हणाले. "पण मला सांगा, त्यानं इकडं वळायचं कशासाठी?"

मी गप्प.

"चारीत पाणी घ्यायचं तर कालव्यात पुढं दारं पाडावी लागतात. पाणी तुंबतं, मग चढतं. इथं दार कुठाय?"

दार होतं, पण बाकीच्या खोल्यांना. प्रत्येक खोलीला वर जाणारा एक फाटा आणि परत येणारा एक. त्यातल्या एकाच्या सांध्यावर जुनाट, जाडजूड टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, तिच्या अंगावर रंगाचं कडं, आणि ते कडं दोन फाट्यांच्या मधल्या बाजूला. ही मोनोफ्लो टी. तिच्या पोटात निमुळती अडचण असते, त्यामुळे थोडं पाणी वरच्या खोलीतून वळसा घेतं. पाहुण्यांच्या खोलीखाली मात्र दोन्ही टी कोऱ्या करकरीत तांब्याच्या, साध्या. उन्हाळ्यात स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा कंत्राटदाराच्या माणसानं मध्ये येणारा मेन पाइप कापून सरकवला होता. डाग मात्र सुरेख दिले होते. पाण्याला सरळ, रुंद, बिनअडथळ्याचा रस्ता मिळाला होता, मग ते कशाला अर्ध्या इंचात शिरून माळा चढतंय! आणि ऑगस्टमध्ये हीटिंग लावून बघतो कोण?

तिसरा प्लंबर साठीचा होता. अण्णांनी टीकडे बोट दाखवून "नो गेट, नो वॉटर" एवढंच सांगितलं. त्यानं मान डोलावली, सिस्टिममधलं पाणी काढलं, कडं नीट आत वळवून मोनोफ्लो टी बसवली, पाणी भरून हवा काढली. दोघंही मग पाइपाला हात लावून उभे राहिले. तासाभरात अण्णांची कानटोपी उतरली. संध्याकाळी शालही.

त्या रात्री बायको म्हणाली, "आपली खोली जरा गार नाही का लागत?" लागणारच. एकाच पाइपाचं काम. प्रत्येक खोलीतून निवलेलं पाणी परत त्यातच मिसळतं आणि आमची खोली पार शेवटी. सकाळी मी हे अण्णांच्या कानावर घातलं.

"टेलवाल्यानं थोडी कळ काढायची असते, जावईबापू," असं म्हणून त्यांनी खिडकी किलकिली केली. त्यांना उकडत होतं.