कॅमेरा कोणता?

फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला: "कॅमेरा कोणता?" अरे बाबा, भिंतीवर तिरपं ऊन पडलंय, त्यात सायकलच्या चाकाची सावली लांबलचक ओढली गेलीय, ते बघ की! ती सावली भर दुपारी तिथे नसते. तिच्यासाठी ताटकळावं लागतं, गुडघे टेकून खाली वाकावं लागतं. त्याचं कौतुक शून्य. आँरी कार्तिए-ब्रेसाँ या नावाजलेल्या फ्रेंच फोटोग्राफरनं बहुतेक काम 50 मिमीच्या साध्या लेन्सवर केलं. झूम नाही की काही नाही. आणि हे मेगापिक्सेल मोजत बसलेत! वर शहाजोग सल्ला, "मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम कॅमेरा घेच तू." एवढं बोलून स्वारी पुन्हा मोबाइलमध्ये. फोटोकडे धड पाहिलेलंही नसतं.