थंडीत विरजण लागत नाही, म्हणून मुरघासही लागत नाही?

मुरघासाबद्दल, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याबद्दल, पशुपालकांमध्ये एक मजकूर फिरतोय: ‘थंड देशांत गवताच्या मुरघासाला कल्चर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. गारठ्यात जिवाणू झोपतात, म्हणून फिनलंडवाले आम्लच वापरतात. कल्चरचा फायदा कुठेच दिसलेला नाही.’ कल्चर म्हणजे चारा आंबवणाऱ्या जिवाणूंचं विरजण. डिसेंबरात दही लागायला किती वेळ घेतं हे आपण घरी बघतो, त्यामुळे ते चटकन पटतं. पण ते चुकीचं आहे.

आधी गारठा. फिनलंडमध्ये टिमोथी गवताची पहिली कापणी जूनमध्ये होते. बर्फात कुणी मुरघास भरत नाही. कापलेलं गवत काही तास श्वसन करतं, त्याची ऊब दाबलेल्या ढिगात टिकते. कल्चरमधला लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा जिवाणू 15 अंशांनाही वाढतो, सावकाश का होईना. दह्याला आपण एक रात्र देतो, मुरघासाला आठवडे मिळतात. सप्टेंबरच्या कापणीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चाऱ्याचे गठ्ठे लवकर गार होतात आणि आंबणं रेंगाळतं, हे खरं. पण मग पहिल्या दिवसापासून चांगल्या जिवाणूंची फौज मोठी हवी. ग्रॅमभर चाऱ्यामागे 1 लाख जिवाणू हे प्रमाण त्यासाठीच. पानावर ते मुळात कमी असले, तर कल्चरची गरज उलट वाढते.

आम्लाचं कारण वेगळं आहे. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी हिरव्या चाऱ्यावर आम्ल टाकून त्याचा सामू (pH; जितका कमी तितका चारा आंबट) झटकन 4 च्या आसपास आणायची पद्धत बसवली. 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आज तिथे मुख्यतः फॉर्मिक आम्ल वापरतात. पाऊस लागून राहिला, गवत सुकलंच नाही, कोरडा अंश (पाणी वगळून उरणारा भाग) 25 टक्क्यांच्या खाली राहिला, की चारा सडवणारे क्लॉस्ट्रिडियम जिवाणू माजतात आणि ब्युटिरिक आम्लाचा वास सुटतो. तो एकदा हाताला लागला की साबणानेही जात नाही. अशा चाऱ्याला जिवाणूंची वाट बघायला वेळ नसतो, तिथे आम्लच योग्य. म्हणजे अडचण ओलाव्याची आहे. गवत सुकवून कोरडा अंश 30-35 टक्क्यांपर्यंत नेता आला, तर कल्चर चोख काम करतं, आणि कातडी भाजणारं, यंत्र गंजवणारं रसायनही हाताळावं लागत नाही.

‘फायदा कुठेच नाही’ हे तर साफ खोटं. कल्चरवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासणारा आढावा 2017 मध्ये आला. गवतात आणि शेंगवर्गीय चाऱ्यात सामू खाली आला, दूध गाईमागे दिवसाला सुमारे 0.37 किलो वाढलं. वाढ लहान आहे, पण आहे. मक्यात आणि ज्वारीत मात्र आंबण्यावर तसा परिणाम दिसला नाही. आपल्याकडे मुरघास बहुतेक मक्याचाच, त्यामुळे गवताचे आकडे दाखवून कुणी कल्चरची पुडी विकत असेल तर हे जरूर विचारा.

आणि पुडी घेतलीच, तर उन्हात तापलेल्या टाकीतलं किंवा क्लोरीनचं पाणी तिच्यासाठी वापरू नका. फवारायच्या आधीच जिवाणू मरतात, आणि दोष थंडीवर जातो.